मदत हवी आहे: नागपूर, पश्चिमेची खिडकी आणि उन्हाचे आकडे

नमस्कार मंडळी. नागपुरात आईबाबांसाठी घर बांधतोय. भिंती उचलल्या आहेत, चौकटी पुढच्या आठवड्यात बसतील. प्लॉट पश्चिममुखी, त्यामुळे आईची खोली पश्चिमेला आली. सध्याच्या भाड्याच्या घरातही तिची खोली तशीच आहे. मे महिन्यात रात्री 10 वाजताही भिंत हाताला गरम लागते, पलंग हातभर पुढे ओढल्याशिवाय तिला झोप येत नाही. नव्या घरात हे नको.

म्हणून नागपूरच्या हवामानाची ईपीडब्ल्यू फाइल (इमारतींच्या गणितासाठीची तासवार नोंद) उतरवून घेतली. वर्षाच्या 8760 तासांचं तापमान, आर्द्रता, वारा, थेट आणि विखुरलेलं ऊन, सगळं आहे. दक्षिणेचं गणित सुटलं. अक्षांश 21.15, म्हणजे 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य साधारण 45 अंशांवर. 2 फुटी छज्ज्याची सावली 2 फूट उतरते, 4 फुटी खिडकीतून निम्मं ऊन आत येतं. थंडीत ते हवंच. मेअखेरीस दुपारचा सूर्य डोक्यावर, तेव्हा काळजी नाही.

अडलंय पश्चिमेला. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी साडेचारला सूर्य 30 अंशांवर, सावली जेमतेम सव्वा फूट. मिस्त्री म्हणतात, छज्जा 3 फूट काढू. तरी पावणेदोन फूटच! खिडकीबाहेर उभी पाती (सावलीसाठीच्या उभ्या फळ्या) लावू का? आणि फाइलमधलं आडव्या पृष्ठभागावरचं ऊन भिंतीला कसं लावायचं?

प्रतिसाद: ते तसंच लावू नका. थेट उन्हाच्या आकड्याला, किरण आणि भिंतीचा लंब यांच्यातल्या कोनाच्या कोसाइनने गुणा. त्यात विखुरलेल्या उन्हाचा निम्मा भाग मिळवा, कारण उभ्या भिंतीला अर्धंच आकाश दिसतं. फाइलमधली 17 व्या तासाची ओळ दुपारी 4 ते 5 ची असते, म्हणून सूर्याची जागा साडेचारची घ्या. तुमच्या साडेचारला थेट उन्हाचा सुमारे 85 टक्के जोर भिंतीवर येतो, गच्चीवर निम्माच.

सूर्य तेव्हा ठीक पश्चिमेपासून फक्त 13 अंश उत्तरेला, जवळजवळ समोर असतो. भिंतीला काटकोनात लावलेल्या उभ्या पात्यांमधून किरण सरळ आत शिरतील. खिडकी लहान करा आणि बाहेरून झिलमिलीची (तिरप्या आडव्या पट्ट्यांची) झडप लावा. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं की उष्णता घरात आलीच. आईंचं कपाट त्या भिंतीला लावा, पलंग समोरच्या. चौकटी बसायच्या आधी मिस्त्रींना खिडकीचं माप सांगा.

धागाकर्ता: मनापासून आभार. उद्या सकाळीच साइटवर जातो. झडप बाहेर उघडायला छज्ज्याखाली किती जागा सोडू?