नॅचेझमधली जुनी घरं: एका दिवसात काय पाहावं?

ह्यूस्टनकर: आई-बाबांना घेऊन मिसिसिपीतल्या नॅचेझला जातोय. बाबा निवृत्त सिव्हिल इंजिनिअर, जुनं बांधकाम दिसलं की हात लावल्याशिवाय राहत नाहीत. आईचे गुडघे दुखतात. काय चुकवू नये?

नदीकाठची: लाँगवुड! अष्टकोनी प्रचंड घर, वर कांद्यासारखा घुमट. 1861 साली यादवी युद्ध पेटलं, उत्तरेकडून आलेले कारागीर काम टाकून निघून गेले. फक्त तळघर पुरं झालं होतं, मालकाचं कुटुंब तिथंच राहिलं. वरच्या मजल्यांवर गिलावा नाही, उघड्या विटा, तुळया, कारागिरांची हत्यारं. मी तिथं मान वर करून उभी राहिले ती हललेच नाही. काकांना घुमटाचा सांगाडा आतून दिसेल. काकूंना मात्र जिना जपून चढू द्या.

पण नुसते खांबवाले बंगले पाहून परतू नका, ही कळकळीची विनंती. हा सगळा कापसाचा पैसा, म्हणजे गुलामांचे कष्ट. गावाच्या कडेला 'फोर्क्स ऑफ द रोड' आहे, माणसं विकायचा बाजार. आता मोकळी जागा आहे, काँक्रीटमध्ये बसवलेल्या बेड्या दिसतात.

जुना वाडा: स्टेट स्ट्रीटवरचं विल्यम जॉन्सनचं विटांचं घरही बघा. गुलामगिरीत जन्मलेला, मुक्त झालेला न्हावी. 1835 पासून 1851 मध्ये खून होईपर्यंत तो रोजनिशी लिहीत होता.

ह्यूस्टनकर: मग सकाळी आधी बाजाराच्या जागेवर जातो, बंगले नंतर. बाबांनाही तेच पटलं.