शांत वेळ मिळत नाही, आत्या

मी (रात्री २:४०)
आत्या, तू आत्ता जागी नसशील, सकाळी वाच. बाळाला पाजत बसलेय. चार महिने झाले, बायबलचा एक अध्याय सलग वाचून झालेला नाही. प्रार्थनेला डोळे मिटले की झोपच लागते. उपासनेत अर्धा वेळ मोठीला घेऊन बाहेर उभी असते, संदेश पूर्ण असा ऐकलेलाच नाही. लग्नाआधी रोज पहाटे तासभर शांत वेळ असायचा. आता देवापासून लांब गेल्यासारखं वाटतं. त्यात दिवसभर मोठीवर ओरडते आणि रात्री त्याचंच रडू येतं. तुम्ही सगळ्यांनी हे कसं निभावलंत?

वहिनी (५:५५)
मीही जागीच होते गं, पण लिहायला हात मोकळा नव्हता. माझं धाकटं नऊ महिन्यांचं होईपर्यंत हेच चाललं होतं. पाजायला बसते त्या जागेसमोर भिंतीवर मी एक वचन चिकटवायचे. आठवडाभर तेच. दिवसातून आठ-दहा वेळा तिथे बसणं होतंच, तेवढ्या वेळा नजर जायची. स्तोत्र १२१ मला असंच पाठ झालं. आपला राखणारा डुलकीही घेत नाही, हे रात्री तीन वाजता वाचलं की वाटायचं, माझ्यासोबत कुणीतरी जागं आहे.

मोठी काकू (६:०५)
पहाटे चारला उठायची सवय लाव. मुलं उठायच्या आत प्रार्थना झाली पाहिजे. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची आई सुझाना, तिला १९ मुलं झाली. तरी ती डोक्यावरून एप्रन ओढून घ्यायची आणि प्रार्थनेला बसायची, असं सांगतात.

आत्या (६:२०)
काकू, तुमची शिस्त आम्ही पाहिलीय, तिचा मान आहेच. पण जी २:४० ला पाजत होती तिला चारला उठ म्हणायला माझी जीभ वळत नाही.

बाळा, बायबलमधला १ राजे १९ अध्याय आठव. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून म्हणाला, आता पुरे, मला मरण दे. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. उठ, खा म्हणाला. भाकर आणि पाणी. एलीया खाऊन पुन्हा झोपला, तरी देवदूत रागावला नाही, त्याने दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला दिलं. देवाचं बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर झालं. तेव्हा आधी नीट खा. बाळ झोपलं की भांडी राहू दे, आडवी हो. आणि प्रार्थना करता करता झोप लागली तर त्याचा अपराध मानू नकोस. बापाच्या कुशीत झोपलेल्या लेकराला कुणी उठवून जाब विचारतं का?

यशया ४० मध्ये मेंढपाळ कोकरांना उराशी धरतो आणि पाजणाऱ्या मेंढ्यांना सांभाळून, त्यांच्या चालीने नेतो. तुझी चाल सध्या हळू आहे हे त्याला ठाऊक आहे.

आत्या (६:३१)
ओरडण्याबद्दल वेगळं लिहिते. ओरडलीस तर शांत झाल्यावर खाली बस, तिच्या डोळ्यांना डोळे भिडव आणि म्हण, ‘आईचं चुकलं, मला माफ कर.’ ‘पण तू ऐकत नव्हतीस’ असं पुढे जोडू नकोस. मग दोघी मिळून एका वाक्याची प्रार्थना करा. पश्चात्ताप आणि क्षमा तिला पुस्तकातून कळायला अजून वर्षं आहेत. हे तिला आज कळेल. मी हे फार उशिरा शिकले, माझी मुलं तोवर शाळेत जायला लागली होती.

वहिनी (६:४०)
काकू, सुझानाची दुसरी गोष्ट मला जास्त धरून ठेवावीशी वाटते. ती आठवड्यातली एकेक संध्याकाळ एकेका मुलाला द्यायची, फक्त त्याच्याशी बोलायला. जॉनचा वार गुरुवार होता. मोठीला रोज दहा मिनिटं तशी दे, बाळ दुसऱ्या कुणाच्या हातात असताना. माझ्या मोठ्याचा हट्ट त्यानेच निवळला.

ताई (७:१०)
आता नर्स म्हणून विचारते, खरं सांग. बाळंतपणानंतर पहिले दोनेक आठवडे रडू येणं बहुतेक आयांना होतं आणि ते आपोआप ओसरतं. चार महिन्यांनी रोज रडू येत असेल तर ते तपासायला हवं. बाळ झोपलं तरी तुला झोप लागत नाही का? आवडायच्या गोष्टी नकोशा झाल्यात का? स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असं मनात येतं का? तसं येत असेल तर आजच, आत्ताच डॉक्टरांकडे जायचं.

बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे. प्रार्थना कमी पडली म्हणून तो होत नाही. पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं असतात. हे नैराश्य ओळखायची एडिनबर्गची दहा प्रश्नांची चाचणी १९८७ पासून वापरात आहे, पाच-दहा मिनिटांत होते.

मी (७:३५)
पडल्या पडल्या झोप लागते. तसले विचार नाहीत. पण मन उदास असतं, हे खरं आहे. आत्या, एलीयाचं वाचून खूप रडले, आणि हलकं वाटलं.

मुलांचे पप्पा (७:४८)
रात्री २:४० चा मेसेज मी सकाळी ग्रुपवर वाचला, शेजारी झोपून. वाईट वाटलं. या रविवारपासून एक आठवडा मोठीला घेऊन मी बाहेर, एक आठवडा तू. रात्री पाजून झालं की ढेकर काढणं आणि कपडे बदलणं माझ्याकडे. चाचणी करून घेऊ, डॉक्टरांकडे जायचं झालं तर मी सोबत आहे.

बाबा (८:०२)
तीमथ्य या तरुण शिष्याच्या विश्वासाचं मूळ सांगताना प्रेषित पौल दोघींची नावं घेतो, आजी लोईस आणि आई युनीके. बालपणापासून त्याला शास्त्र माहीत होतं म्हणतो. आजीचंही नाव आहे, म्हणून तुझ्या आईने ठरवलंय की मोठीची रात्रीची गोष्ट आणि प्रार्थना रोज फोनवर ती घेईल. साडेसातला.

मोठी काकू (८:१५)
चारचं मी मागे घेते. तुझ्यासाठी चारला मी उठेन, तू झोप.

ताई (८:२०)
दुपारी दोनला चाचणीसाठी फोन करते. बाळ झोपलेलं असेल तर उचलू नकोस, तूही झोप. मी नंतर करेन.