घटस्फोटित नवऱ्याला घरातली खोली भाड्याने द्यायची आहे, युनिव्हर्सल क्रेडिट बंद होईल का?

हॅरोची_आई

नमस्कार. ओळखीत कुणाला विचारायची सोय नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमचा घटस्फोट २०१९ मध्ये झाला, कागदावरही आणि मनातूनही. मी लंडनमध्ये हॅरोला कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, तीन बेडरूमच्या घरात भाड्याने राहते, सिक्युअर टेनन्सी (कायम भाडेकरूचा करार) माझ्या एकटीच्या नावावर. मुलगी १५ वर्षांची आहे. मुलगा नोकरीसाठी बर्मिंगहॅमला गेला, त्याची खोली रिकामी झाली आणि माझ्या भाड्याच्या मदतीत १४ टक्के कपात सुरू झाली. भाडं ६४० पौंड, म्हणजे महिन्याला जवळजवळ ९० पौंड माझ्या खिशातून जातात. शाळेच्या कँटीनमध्ये आठवड्याला १६ तास काम करते, बाकी युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी सरकारी मदत.

मुलीचे बाबा हीथ्रोजवळच्या गोदामात रात्रपाळी करतात. ते खोली घेऊन राहतात ते घर मालकाने विकलंय, महिनाअखेरीस सोडायचंय. त्यांनी विचारलं, मुलाची खोली मला देतेस का, ४५० पौंड देईन.

नणंद म्हणते, गुपचूप दे, कोण बघतंय. कामावरची एक बाई म्हणाली, ज्या दिवशी तो आत येईल त्या दिवशी तुझे पैसे बंद. मला चोरून काही करायचं नाही. मुलीची पुढच्या वर्षी जीसीएसई (आपल्या दहावीसारखी परीक्षा) आहे, घरात तपासणीची टांगती तलवार नकोय. पण ४५० पौंडांनी माझा श्वास मोकळा होईल, हेही खरं.

अजून एक. सोळा वर्षांच्या संसारात मी त्यांना ‘अहो’च म्हणत आले, अजूनही तेच तोंडात येतं. नातेवाइकांच्या लग्नपत्रिका आजही ‘श्री. व सौ.’ अशा येतात. असल्या गोष्टी मोजतात का?

रेडिंगचा_सदा

ताई, मी दर बुधवारी एका सल्ला केंद्रात स्वयंसेवक म्हणून बसतो. असे प्रश्न येतात.

आधी पैशाचं. घरात ठेवलेल्या भाडेकरूचं भाडं युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये उत्पन्न म्हणून धरत नाहीत. ४५० चे ४५० तुमचे. जुन्या हाउसिंग बेनिफिटमध्ये (भाड्यासाठीच्या आधीच्या मदतीत) आठवड्याला फक्त २० पौंड सोडून बाकीचं मोजायचे, लोक अजून तोच नियम सांगतात, त्यामुळे गोंधळ होतो. मात्र तुमची १४ टक्के कपात तशीच राहील. भाडेकरूची खोली युनिव्हर्सल क्रेडिटच्या हिशेबात जादाचीच ठरते. आयकराचंही बघा, ‘रेंट अ रूम’ या घरातली खोली भाड्याने देणाऱ्यांच्या कर-सवलतीत वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंत करमुक्त. तुमचे ५,४०० होतात.

कौन्सिल टॅक्सची (घरावरच्या स्थानिक कराची) एकटीची २५ टक्के सवलत मात्र जाईल. ते कौन्सिलला लगेच कळवा. कौन्सिल टॅक्स सपोर्ट (तो कर भरायला मिळणारी मदत) घेत असाल तर त्याचे नियम प्रत्येक कौन्सिलचे वेगळे, ते त्यांनाच विचारा.

आता मुख्य मुद्दा. ‘पूर्वीचा नवरा भाडेकरू चालणार नाही’ असा नियम नाही. तुम्ही दोघं नवरा-बायकोसारखे राहता का, एवढंच ते बघतात. एक कुटुंब आहे का, किती काळ आणि किती स्थिर, पैसे एकत्र आहेत का, शारीरिक संबंध, मुलं, आणि चारचौघांत जोडपं म्हणून वावर. यातली एकच खूण निकाल लावत नाही, सगळं चित्र बघायचं असतं. तुमची मुलगी दोघांची आहे, म्हणून संशय येणार हे धरून चाला. जोडपं ठरलात तर दोघांचा एकच अर्ज होईल, त्यांचा पगार धरला जाईल आणि आधीचे जास्तीचे पैसे परत मागतील.

४५० बद्दल एक सावधगिरी. खोलीचं भाडं बाजारभावाच्या फारच खाली असलं, तर हा व्यवहार आहे की घरातलाच माणूस, असा प्रश्न येतो. घरातला माणूस ठरला तर महिन्याला ९० पौंडांहून जास्त तुमच्या भाड्याच्या मदतीतून कापतात. आसपासच्या खोल्यांच्या जाहिराती बघून आकडा ठरवा, त्या जाहिराती जपून ठेवा.

लेस्टरची_कावेरी

मी यातून गेलेय, म्हणून लिहिते.

२०२२ मध्ये माझा पूर्वीचा नवरा ऑपरेशननंतर माझ्या वरच्या खोलीत भाड्याने आला. मी कळवलं, पण तीन महिन्यांनी. तीच चूक. चौकशी लागली, पैसे सात आठवडे थांबले. केस बघणाऱ्या बाईंनी फोनवर विचारलं, “तो जेवतो कुठे?” मी भोळेपणाने म्हटलं, आमच्याबरोबरच. एवढ्यावर जोडपं ठरवून मोकळ्या झाल्या.

फेरविचाराचा अर्ज महिन्याच्या आत करायचा असतो, मी विसाव्या दिवशी केला. त्या पत्रात मी लिहिलं तेच तुम्हाला सांगते. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की घर एकच राहतं, अंगण एकच राहतं, पण चूल वेगळी होते. वेगळी चूल म्हणजे वेगळं कुटुंब, हे आपल्या आजीलासुद्धा कळायचं. इथले अधिकारी ‘हाउसहोल्ड’ म्हणतात ते साधारण तेच. मग ते दाखवणारे कागद जोडले. भाड्याचा लेखी करार, दर महिन्याच्या एक तारखेला बँकेत आलेली रक्कम, त्याची स्वतःची किराण्याची बिलं, त्याच्या फोनचं आणि गाडीच्या विम्याचं पत्र. फ्रिजमधले कप्पे कसे वाटले ते लिहून काढलं. शेजारच्या बाईंनी चार ओळी दिल्या. निकाल माझ्या बाजूने आला, थांबलेले पैसेही मिळाले. पण त्या सात आठवड्यांत मी मैत्रिणीकडून उसने घेऊन भाडं भरलं, ते विसरत नाही.

तुमच्या ‘अहो’ची काळजी करू नका. लग्नपत्रिकेवर दुसरा काय छापतो ते तुमच्या हातात नाही. फेसबुकवर अजून ‘विवाहित’ असं असेल तर ते मात्र आजच बदला.

स्लॉची_निमा

कुणीच विचारलं नाही म्हणून मी विचारते. तुम्ही वेगळ्या का झालात? मारहाण किंवा धाक असेल तर ४५० पौंडांसाठी दार उघडू नका.

हॅरोची_आई

निमाताई, विचारलंत ते बरं झालं. हात कधी उचलला नाही. मला न सांगता क्रेडिट कार्डांवर कर्ज काढलं होतं, मी पत्र उघडलं तेव्हा कळलं. ते सगळं त्यांनी फेडलंय. पण म्हणूनच पैशाचं मिसळणं मला नकोच आहे.

सदादादा, जेवणाचं काय करू? मुलीला रविवारी बाबांबरोबर जेवायचं असतं. तिला नाही म्हणू का?

रेडिंगचा_सदा

मुळीच नाही. मुलीबरोबर रविवारी जेवणं हे बापाचं काम आहे, कुणी विचारलं तर तसंच सांगा. रोजचा डबा तुम्ही करायचा, कपडे तुम्ही धुवायचे, किराणा एका पिशवीत आणायचा, हे नको. मुलीसाठी ते जे पैसे देतात ते भाड्यापासून वेगळे, वेगळ्या तारखेला येऊ देत. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये मुलाच्या पोटगीचे पैसे उत्पन्नात धरत नाहीत, पण एका रकमेत सगळं आलं की समजावून सांगता येत नाही.

जुनं जोडखातं उघडं असेल तर बंद करा. क्रेडिट एजन्सीकडे आर्थिक संबंध तोडल्याचा अर्ज देता येतो, कर्जाचा अनुभव आहे म्हणून तुम्ही तो नक्की द्या.

दोन गोष्टी राहिल्या. इंग्लंडमध्ये घरातल्या भाडेकरूचाही राईट टू रेंट, म्हणजे इथे भाड्याने राहायचा कायदेशीर हक्क, तपासावा लागतो. त्यांच्याकडून शेअर कोड (हा हक्क ऑनलाइन दाखवणारा क्रमांक) घ्या, सरकारी संकेतस्थळावर तपासा, पानाची प्रत ठेवा. ओळखीचा माणूस म्हणून सोडू नका, पहिल्याच चुकीला ५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि सिक्युअर टेनन्सीत लॉजर, म्हणजे घरातच खोली घेणारा भाडेकरू, ठेवायचा हक्क तुम्हाला कायद्यानेच आहे, तरी कौन्सिलला पत्राने कळवा.

निमाताईंच्या मुद्द्यावर: तुमचं स्वयंपाकघर वापरणारा लॉजर कोर्टाच्या आदेशाशिवाय, वाजवी मुदत देऊन काढता येतो. करारात ती मुदत लिहा. चार आठवडे पुरेत.

हॅरोची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री त्यांच्याशी फोनवर बोलले. भाडं ५५० ठरलं, खोलीच्या तीन जाहिराती काढून दाखवल्या तेव्हा त्यांनी मान्य केलं. शेअर कोड आलाय. करार मुलगा टाईप करून देणार आहे.

ते यायच्या आधीच मी युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये हे लिहिलं, कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून मराठीत देते:

“पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून माझा पूर्वीचा पती माझ्या घरात भाडेकरू म्हणून एक खोली घेणार आहे. आमचा घटस्फोट २०१९ मध्ये झाला असून आम्ही जोडपे नाही. भाडे ५५० पौंड. करार आणि घटस्फोटाचा आदेश जोडायला तयार आहे. आणखी काय लागेल ते कळवावे.”

अजून उत्तर आलेलं नाही. आलं की इथेच लिहीन.