नुसती नावं बदललेली नाहीत

'पालक, प्रौढ, बालक म्हणजे फ्रॉइडचेच सुपरइगो (मनातला नैतिक पहारेकरी), इगो (व्यवहारी मी), इड (मूळ वासना). नुसती नावं बदललीत', हे ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनालिसिसबद्दल (माणसांमधल्या संवादाच्या देवाणघेवाणीवरून मन समजून घेणारी उपचारपद्धती) ऐकलेलं मत काही पटलं नाही. ही पद्धती मांडणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ एरिक बर्नच्या मनाच्या या तीन अवस्था चक्क दिसतात, ऐकू येतात. 'माझा चष्मा पाहिलास का?' हा प्रौढाने प्रौढाला विचारलेला साधा प्रश्न. उत्तर येतं, 'एक वस्तू जागेवर ठेवशील तर शपथ!' बोट रोखलेलं, भुवया चढलेल्या. पालक बालकाला झापतोय. प्रश्न-उत्तराचे बाण कागदावर काढले तर रेषा एकमेकींना छेदतात, आणि चष्मा राहतो बाजूला. (आमच्याकडे रोजचंच.) आणि 'बालक' म्हणजे निव्वळ बालिशपणा नव्हे, कुतूहल आणि खेळकरपणाही तिथलाच. या पद्धतीच्या उपचारात आधी करार होतो: नेमकं काय बदलायचं, ते उपचारक आणि उपचार घेणारा दोघं मिळून ठरवतात. मला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तिथे दोघंही प्रौढ म्हणून समोरासमोर बसतात.