दहा घरांच्या पाड्यापर्यंत रस्ता, वीज, बूथ न्यायचं की त्या दहा घरांनाच खाली आणायचं?

कोलशेत, वरचा मजला
अरुणाचलच्या मालोगामची बातमी दर निवडणुकीला फिरते. तिथे एका बाईंच्या एका मतासाठी पोलिंग पार्टी मशीन घेऊन पायी डोंगर चढते, 2019 ला चढली, 2024 ला परत चढली. तिकडे गीरच्या जंगलात बाणेजला एका महंतांसाठी वेगळं बूथ. लोक फोटो शेअर करून गहिवरतात, मला मात्र एकच प्रश्न पडतो की हा खर्च कशाला? टपाली मत घ्या ना. आणि मताचं एक वेळ सोडा, ते पाच वर्षांतून एकदा. रस्ता, वीज, शाळा, डॉक्टर हे तर रोजचं आहे. दहा-पंधरा घरांसाठी हे सगळं डोंगरावर ओढत न्यायचं त्यापेक्षा त्यांना तालुक्याजवळ नीट घरं आणि हातात रोख पैसे देऊन खाली आणलं तर त्यांचंच भलं नाही का होणार? इथे घोडबंदरला एवढाल्या बिल्डिंगा टॅक्स भरून उन्हाळ्यात टँकरवर जगतात. शिव्या घालायच्या तर घाला, पण मुद्द्यावर बोला.

कळवा स्लो
सहमत. स्कॉटलंडचं सेंट किल्डा बेट बघा. तरणी पोरं आधीच निघून गेलेली, कोणी आजारी पडलं तर बोट येईपर्यंत देवाचा धावा. शेवटी 1930 ला उरलेल्या 36 जणांनी स्वतःच सरकारला अर्ज केला की आम्हाला इथून न्या. ऑगस्टमध्ये जहाज आलं आणि सगळे निघाले. त्यानंतर तिथे गाव काही परत वसलं नाही. कोणाचं काय बिघडलं?

झेडपी मास्तर (शहापूर अप-डाऊन)
सेंट किल्डाची गोष्ट अर्धीच सांगितलीत. खाली आणल्यावर त्यातल्या बऱ्याच पुरुषांना काम कुठे दिलं माहितीये का, जंगल खात्यात. ज्यांच्या बेटावर झाडच नव्हतं त्यांना! बरं तरी अर्ज त्यांनी स्वतः केला होता, ते विसरू नका, कारण दुसरं उदाहरण बरोब्बर उलटं आहे. ट्रिस्टन दा कुन्हा, दक्षिण अटलांटिकमधलं बेट, केपटाउनहून जहाजाने आठवडाभर, विमान उतरायला जागाच नाही. 1961 ला गावाशेजारीच ज्वालामुखी फुटला म्हणून अडीचशेच्या वर माणसं इंग्लंडला हलवली. घरं दिली, नोकऱ्या दिल्या, टीव्ही, बस, दवाखाना सगळं हाताशी, म्हणजे तुमची स्कीमच म्हणा ना. तिकडच्या साहेबांना वाटलं आता कोण जातंय परत. तर 1963 पर्यंत बहुतेक सगळे परत गेले, मतदान घेतलं तेव्हा 148 जण जायचं म्हणाले आणि राहायचं म्हणणारे फक्त 5. आजही तिथे जमीन सामाईक आहे, बाहेरच्याला विकत मिळत नाही, एका घराने गुरं किती पाळायची त्यालाही मर्यादा, बटाटे लावतात, लॉबस्टर विकतात, टपालाची तिकिटं छापून विकतात. 2005 ला त्यांना ब्रिटिश पिनकोड मिळाला, कारण ऑनलाइन ऑर्डर करताना पत्ताच घेत नव्हतं. अडीचशे माणसांसाठी पिनकोड, आता बोला.

आणि टँकरचं तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो. तानसा आमच्या शहापुरात, भातसा पण आमच्या शहापुरात. मुंबईला पाणी जातं, तुमच्या ठाण्याच्या नळाला भातसाचा वाटा आहे, आणि एप्रिल-मे मध्ये धरणाच्या शेजारच्या पाड्यांवर बाया टँकरची वाट बघत हंडे लावून बसतात. खर्च कोण कोणाचा उचलतंय ते आधी ठरवू.

खारघर से. 12
मास्तरांनी टँकर उलटवला 😂

नेरूळची वकील
कायद्यापुरतं बोलते. टपाली मत सरसकट कोणालाही मिळत नाही. सैन्यातले, निवडणूक ड्युटीवरचे वगैरे ठरावीक लोक, आणि 2024 ला 85 वर्षांवरच्यांना आणि 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मत द्यायची सोय होती. बाकीच्यांसाठी आयोगाचा दंडक असा की मतदाराला दोन किलोमीटरच्या वर जावं लागू नये. मतदार एकच आहे म्हणून दंडक बदलत नाही, बदलायला लागलो तर किती मतदारांपासून बूथ द्यायचं हा आकडा कोण ठरवणार, तुम्ही की मी? शाळेचंही अंतर ठरलेलं आहे, आपल्याकडच्या नियमात प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि वरचे वर्ग तीन किलोमीटरच्या आत.

हलवायचं म्हणाल तर संविधानाच्या 19व्या कलमात देशात कुठेही राहायचा हक्क आहे, त्यात डोंगरावर राहणंही आलं. आणि पाडा वनजमिनीवर असेल तर 2006 चा वनहक्क कायदा लागतो, दाव्यांची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय कोणाला उठवता येत नाही. अगदी वन्यजीवांसाठी जागा रिकामी करायची असली तरी ग्रामसभेची लेखी संमती लागते. फ्लॅट दाखवून सही घेतली की झालं, असं नसतं ते.

कोलशेत, वरचा मजला
मॅडम, कायदा आहे मान्य, पण कायदा शहाणपणाचा आहे का हाच तर प्रश्न आहे. नॉर्वेवाल्यांचं स्वालबार्ड बघा, उत्तर ध्रुवाजवळ. 1920 च्या तहामुळे तिथे राहायला व्हिसाच लागत नाही, ब्रिटिशांनी हिंदुस्थानच्या वतीनेही सही केली होती त्या तहावर, म्हणजे तुम्ही-आम्ही पण जाऊन राहू शकतो (जायचं नॉर्वेवरून म्हणून वाटेतला व्हिसा लागतो, ते वेगळं). पण सरकारचं म्हणणं एकदम साफ, या, कमवा आणि राहा, पोट भरता आलं नाही तर परत जा. बाळंतपणाला आधीच मुख्य भूमीवर पाठवतात, म्हाताऱ्यांसाठी सोय नाही, कॉफिनमध्ये पुरायलाही बंदी कारण जमीन कायम गोठलेली, प्रेत कुजतच नाही. लांब राहायचं तर त्याची किंमत त्या माणसाने द्यायची, सरळ हिशोब.

झेडपी मास्तर (शहापूर अप-डाऊन)
साहेब, स्वालबार्डला मूळचं कोणी नव्हतंच. कोळशाच्या खाणीसाठी माणसं नेली आणि 1906 च्या सुमारास तिथलं मुख्य गाव वसलं. तिथे गेलेला प्रत्येक जण नोकरीला गेलेला आहे. आमचा कातकरी, ठाकर डोंगरावर नोकरीला नाही गेलेला. दोघांना एकच फूटपट्टी कशी लावता?

कोपरखैरणे, माथाडी
मी वाचतोय मघापासून, एक सांगतो, आमचं गाव कांदाटी खोऱ्यातलं, सातारा, आणि आमचं गाव लांब नव्हतं, म्हणजे आजोबा सांगायचे चालत बाजारला जायचे नदीच्या कडेकडेने, मग कोयना धरण झालं, शिवसागर भरला आणि खालचा रस्ता गेला, शेत गेलं, आता तापोळ्यावरून लाँच पकडायची नाहीतर डोंगराला वळसा मारून जायचं, लाइट तयार होते आमच्या पाण्यावर. मग तरणी पोरं मुंबईला येऊन तुर्भ्याच्या मार्केटात पाठीवर गोणी उचलायला लागली, वडील आले, मी आलो. आता तुम्ही म्हणता लांब राहणाऱ्याने किंमत द्यावी, अहो दिली की, तीन पिढ्या देतोय. नंदुरबारला मणिबेलीला पण तेच, सरदार सरोवराचं पाणी चढलं आणि नर्मदेकाठच्या गावांना दवाखाना पण बोटीतून येतो. दुर्गम म्हणे. कोणी केलं दुर्गम?

कळवा स्लो
धरणाचं मान्य दादा, पण येऊरचं काय? तिथे तर धरण नाही, ठाणे महापालिकेच्या हद्दीत नॅशनल पार्कातले पाडे.

नेरूळची वकील
तिथे जंगल आधीपासून आणि माणसंही आधीपासून, पार्कची हद्द नंतर आखली. तुमचं उदाहरण त्यांच्याच बाजूने जातंय.

कोलशेत, वरचा मजला
ठीक, जबरदस्ती नको असं धरू. कॅनडात न्यूफाउंडलंडला एक पद्धत आहे. गावाने स्वतः मागणी करायची, मतदान घ्यायचं, आणि तिथल्या प्रत्येक घराला अडीच लाख डॉलरच्या आसपास मिळतात. आधी 90 टक्के मतं लागायची, नंतर 75 वर आणली. लिटल बे आयलंड्स नावाचं गाव असंच 2019 च्या 31 डिसेंबरला बंद झालं, वीज तोडली, फेरी बंद. एक नवरा-बायको तरीही तिथेच राहिले, सोलर लावून आणि लाकडाची शेगडी पेटवून. त्यांनाही कोणी हाकललं नाही. यात काय वाईट आहे सांगा.

घणसोली गावठाण
डॉलर हातात पडतात तिकडे म्हणून छान वाटतं. इकडे नवी मुंबईसाठी 1970 ला 95 गावांच्या जमिनी घेतल्या, भाव ठरवला सरकारने. 1984 ला जासईला पाच जणांनी गोळ्या झेलल्या तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायचं ठरलं. आणि आम्ही तर दुर्गम पण नव्हतो, मुंबईच्या नाकासमोर होतो. म्हणून कोण बोलला की घरं देऊ, रोख देऊ, तर मी आधी विचारतो कधी देणार आणि कागद दाखव.

आणि नाकासमोरचं अजून एक, घारापुरी. लेण्या जागतिक वारशात 1987 पासून, समोर बंदराचे दिवे रात्रभर, आणि बेटावरच्या तीन गावांना समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली 2018 ला. तोपर्यंत संध्याकाळी थोडे तास जनरेटर. लांब म्हणजे किती किलोमीटर ते पण सांगा जरा.

कोलशेत, वरचा मजला
घारापुरीची केबल मला मान्य आहे, तिथे पर्यटनाचा पैसा येतो, खर्च वसूल होतो. दहा घरांच्या पाड्याचा होत नाही, हे माझं मत अजूनही आहे. पण एक सरळ विचारतो मॅडम, ग्रामसभेने लेखी हो म्हटलं, पैसे आधी दिले, तर तुमचा विरोध नाही ना? हो किंवा नाही एवढंच लिहा.

नेरूळची वकील
नाही, विरोध नाही. पण क्रम पाळायचा. आधी वनहक्काचे दावे मंजूर, मग नवी जागा दाखवायची, पाण्यासकट, मग विचारायचं. आणि नाही म्हणाले तर रस्त्याचं काम थांबवायचं नाही, नाहीतर त्याला संमती नाही म्हणत.

कोपरखैरणे, माथाडी
आणि विचारायला जुलैत या. जानेवारीत सगळे येतात, स्ट्रॉबेरी खायला.