मोसंबी-संत्र्यात नक्की कुठली खनिजं असतात? बाबांचं पोटॅशियम वाढलंय

ठाण्याची_लेक:
नमस्कार मंडळी. बाबांचं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारा रक्तातला आकडा) गेल्या वर्षापासून थोडं वरच आहे, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे, आणि आता रिपोर्टमध्ये पोटॅशियम ५.६ आलंय. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, फळांचा रस किती पिता? बाबा रोज संध्याकाळी फिरून येताना स्टेशनबाहेरच्या ज्यूसवाल्याकडे मोसंबीचा मोठा ग्लास पितात आणि घरी आई लिंबू सरबत देते, आमच्याकडे कुणी आजारी पडलं की मोसंबी आणायची हे लहानपणापासून चालत आलंय. मोसंबी म्हणजे सी व्हिटॅमिन एवढंच आम्हाला माहीत. पोटॅशियम केळ्यात आणि शहाळ्यात, म्हणून ते दोन्ही आधीच बंद केलं होतं. आता मोसंबी पण बंद का? आणि संत्रं, लिंबू, यांत काय काय असतं, किती असतं? बाबा खूप हिरमुसलेत, म्हणून नीट समजून घ्यायचंय.

डायटवाली_परळ:
ताई, मी किडनीच्या पेशंट्सचाच आहार बघते. आधी आकडे देते. १०० ग्रॅम संत्र्यात साधारण १८० मिलिग्रॅम पोटॅशियम, ४० कॅल्शियम, १४ फॉस्फरस, १० मॅग्नेशियम, लोह जेमतेम ०.१ आणि सोडियम जवळपास शून्य. म्हणजे या फळांत खनिज म्हणून नाव घ्यावं असं एकच आहे, पोटॅशियम. लिंबू, मोसंबी, पपनस, सगळ्यांची ठेवण तीच, आकडे थोडे इकडेतिकडे.

आता केळ्यात १०० ग्रॅमला ३५० च्या आसपास असतं, त्यामुळे संत्रं त्याच्या निम्मंच वाटतं आणि लोक तिथेच फसतात. कारण केळं आपण एक खातो पण रस ग्लासाने पितो. संत्र्याच्या रसात १०० मिलीला २०० मिलिग्रॅम पोटॅशियम धरा, ३०० मिलीचा मोठा ग्लास झाला की ६०० गेलं पोटात, तेही पाच मिनिटांत. किडनीच्या पेशंटला डॉक्टर बऱ्याचदा दिवसभराची मर्यादाच २००० ते ३००० मिलिग्रॅम घालतात, त्यात भाजी, डाळ, दूध, चपाती सगळं बसवायचं असतं. मग एका ग्लासाने केवढी जागा खाल्ली बघा.

निरोगी माणसाला याचा काही त्रास नाही, उलट WHO म्हणतं मोठ्या माणसाने दिवसाला निदान ३५१० मिलिग्रॅम पोटॅशियम घ्यावं, बीपीला ते चांगलंच. जास्तीचं किडनी लघवीतून काढून टाकते. किडनी मंदावली की ते रक्तात साठतं आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, डॉक्टर घाबरतात ते याला. त्यात टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या पोटॅशियम बाहेर टाकणं अजून कमी करतात. पण म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका हं, ती किडनीसाठीच दिलेली असू शकते.

आणि रक्त घेताना किंवा लॅबला पोचेपर्यंत नळीत पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं, म्हणून डॉक्टर टेस्ट परत करायला सांगतात. सांगितली असेल तर लगेच करा, ढकलू नका.

वरूडचा_पोरगा:
मी ऐरोलीत राहतो पण घरची संत्र्याची बाग आहे वरूडला, म्हणून या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. झाडाच्या बाजूने बघितलं तरी ताईंचं म्हणणं तंतोतंत पटतं. संत्र्याचं पीक काढलं की फळाबरोबर जमिनीतून सगळ्यात जास्त काय जात असेल तर पोटॅश, म्हणजे हेच पोटॅशियम, म्हणून दरवर्षी ते खतातून परत द्यावं लागतं, नाही दिलं तर फळ बारीक राहतं.

लोह आणि जस्ताचं उलटं आहे. आमच्याकडची काळी जमीन चुनखडीची, सामू (पीएच) जास्त, त्यामुळे मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. जस्त कमी पडलं तर पानं बारीक आणि चट्टेरी. मग झिंक सल्फेट, फेरस सल्फेटची फवारणी करायची. पण ही धडपड झाडाच्या तब्येतीसाठी, त्याने फळात लोह भरतं असं कुणी समजू नका. संत्रं खाऊन रक्त वाढतं असं सांगून विकणारे भेटतात, तसं नसतं.

बाकी मुंबईत दिवाळीच्या आगेमागे वाशीला येतो तो आंबिया बहार (बहार म्हणजे हंगामाचं पीक), फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहार. मधल्या काळात पंजाब-राजस्थानचा किन्नो असतो, संत्र्यासारखंच दिसणारं फळ, लोक त्यालाच नागपुरी म्हणून घेऊन जातात. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, हाताने सुटते, किन्नोची घट्ट चिकटलेली.

दादरची_काकू:
रक्त वाढत नाही हे खरं पण लिंबाचं श्रेय इतकंही काढून घेऊ नका हो. लिंबात लोह नसलं तरी मेथी, चवळी, अळीव, पोहे यातलं लोह शरीरात घ्यायला त्यातलं सी व्हिटॅमिन मदत करतं. भाजीपाल्यातलं लोह तसं सहज शोषलं जात नाही, सी व्हिटॅमिन त्याचं रूप बदलतं मग ते आतड्यात चांगलं शोषलं जातं. फक्त ते त्याच जेवणात पाहिजे. सकाळी सरबत आणि दुपारी पालेभाजी याचा उपयोग नाही. आणि लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं, उकळत्या भाजीत पिळलं तर सी बरंचसं जातं. पोह्यांवर लिंबू पिळून सोबत चहा घेतात ना, तो चहा तासाभराने घ्या, चहा लोह अडवतो. माझ्या सुनेचं हिमोग्लोबिन कमी होतं तेव्हा आम्ही गोळ्यांबरोबर हे सगळं नेमाने पाळलं आणि तिला फरक पडला.

कॅल्शियमबद्दल पण सांगते. १०० ग्रॅम संत्रं फोडींसकट खाल्लं तर ४० मिलिग्रॅम आणि तेवढ्याच रसात फक्त ११, कारण कॅल्शियम बरंचसं पांढऱ्या धाग्यांत आणि फोडींच्या पापुद्र्यात असतं, आणि ज्यूसवाला तेच गाळून फेकतो. पोटॅशियम मात्र रसात पूर्ण उतरतं. म्हणून ज्यांना खाता येतं त्यांनी फळ खावं, पोरांच्या हातात ग्लास देऊ नये.

ठाण्याची_लेक:
खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. टेस्ट परत द्यायला उद्याच जातोय. अजून विचारायचं होतं, शेजारचे काका म्हणतात किडनीला लिंबूपाणी चांगलं, त्यांना डॉक्टरनेच सांगितलंय भरपूर प्या म्हणून. मग बाबांना नाही का चालणार? आणि गणपतीत गावाहून पपनस येतं, ते?

डायटवाली_परळ:
काकांना मुतखडा असणार. तिथे लिंबू खरंच कामाचं, लिंबातल्या सायट्रिक अ‍ॅसिडमुळे लघवीत सायट्रेट वाढतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि खडा बनायला अडचण होते. खड्याच्या पेशंटला पोटॅशियम सायट्रेटचं सिरप सुद्धा देतात, तेच तुमच्या बाबांना दिलं तर घात होईल. दोघांचा आजार किडनीचाच पण एकाचा सल्ला दुसऱ्याला अजिबात लावायचा नाही, माझ्याकडे येणाऱ्यांत हा गोंधळ सारखा दिसतो आणि जीव खालीवर होतो.

जेवणात अर्धं लिंबू पिळलं तर बाबांना सहसा अडचण नाही, त्यात चमचा-दीड चमचा रस, पोटॅशियम १० मिलिग्रॅमच्या आसपास. सरबताचा मोठा ग्लास नको, त्यात मीठ पडतं, काळं मीठ किंवा सैंधव घातलं तरी सोडियम आलंच आणि बीपी आहे. बाजारातलं लो सोडियम मीठ तर घरात आणूच नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं.

बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकलं की त्यातलं पोटॅशियम कमी करता येतं, रसाला असं काही करता येत नाही. म्हणून ज्यूस पूर्ण बंद. पोटॅशियम खाली आलं की डॉक्टरांना विचारून संत्र्याच्या दोन-तीन फोडी देता येतील, बाबांना तेवढंही सांगा, बरं वाटेल त्यांना. तोवर सफरचंद किंवा पपईची छोटी फोड, यातही सफरचंद बरं, पपईत पोटॅशियम संत्र्याएवढंच असतं.

पपनसात १०० ग्रॅमला २१६ मिलिग्रॅम पोटॅशियम आहे, संत्र्याहून जास्त, आणि आपण ते वाटीभर सोलून खातो. शिवाय पपनस आणि ग्रेपफ्रूट या दोघांमुळे काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं, कोलेस्ट्रॉलच्या काही गोळ्या त्यात येतात. बाबांना अ‍ॅटोरवास्टॅटिन वगैरे चालू असेल तर या गणपतीत त्यांच्यासाठी पपनस सोलू नका, आणि पुढच्या वेळी जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांसमोर ठेवून फळांचं एकदाच विचारून घ्या.