१५ किलो प्रेशरला कुठला बॉल व्हॉल्व्ह घ्यावा?

प्रश्न (पलूस): कृष्णेच्या जॅकवेलपासून माळावर १३० मीटर उचल. पंप चालू असताना गेज १५ किलो दाखवतो. ४ इंची पीएन १६ (१६ बारपर्यंतचा; बार म्हणजे जवळपास एक किलो) व्हॉल्व्ह बसवला होता, ऐन उसाच्या पाळीत बॉडीच्या जोडातून पिचकारी उडाली. चार दिवस ऊस वाळत पडला. आता काय घेऊ?

उत्तर (कुपवाड एमआयडीसी): दादा, नुसत्या चालू प्रेशरवर जाऊ नका. लाईट गेली की वरचं पाणी उलटं येऊन आदळतं, तेव्हा काटा कुठं जातो ते बघा. डब्ल्यूसीबी (ओतीव कार्बन स्टील) बॉडी साध्या तापमानाला क्लास १५० (क्लास म्हणजे प्रेशरचा दर्जा) मध्ये १९.६ बार सोसते, ३०० मध्ये ५१.१ बार. मी ३०० च घेईन. पण पाईपवरचे फ्लँजही (बोल्ट मारायच्या जोडाच्या चकत्या) बदलावे लागतील. ४ इंचीला दोन्हीत बोल्ट ८ च, पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) मात्र १९०.५ आणि २०० मिमी. बॉडीवर ओतलेला हीट नंबर (ज्या वितळवणीतून बॉडी ओतली तिचा नंबर) धातूच्या टेस्ट सर्टिफिकेटशी बोट ठेवून ताडा. नंबर नसेल तर स्वस्तातही नको.

उत्तर (मिरज): गिअरवाला घ्या, चाक फिरवून हळू बंद होतो. लिव्हर झटक्यात बंद केला तरी तोच दणका बसतो. अर्धवट उघडा ठेवून पाणी कमी करू नका, बॉलला टेकणारी सीट झिजते.

प्रश्नकर्ता: फ्लँजचं ध्यानातच नव्हतं. उद्या सकाळी पीसीडी मोजून टाकतो.